सोमवारचं वजन

४ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

पत्र कामाचं आहे, तेव्हा कपाळाला आठ्या न घालता शेवटपर्यंत वाच. आमच्या केंद्राची वीस किलोची तीन लोखंडी वजनं ऑक्टोबरात तपासणीसाठी तुमच्या मुख्य कार्यालयात गेली, ती तिकडचीच झाली. तुमचा भांडारपाल म्हणतो, आमच्याकडे आलीच नाहीत. त्याच्याच सहीची पोच माझ्यापाशी आहे, पण ती दाखवायची वेळ आली की तो रजेवर असतो. तू त्याच इमारतीत बसतोस. एकदा तळघरात उतरून बघशील का, एवढंच विचारायचं होतं.

वजनं कशाला हवीत हे खरं तर तुला सांगायला नको. पण तू चार वर्षांत इकडे फिरकला नाहीस, आणि मनोऱ्यावर जीव जडला की माणसाला पेटीचा विसर पडतो, म्हणून सांगते. माळाच्या मधोमध जमिनीत पुरलेली ती पेटी अजून तशीच आहे. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद, आत माती, वर गवत, खाली काटा. गवतातून पाणी उडून गेलं की पेटी हलकी होते, आणि किती हलकी झाली त्यावरून माळानं हवेला किती ओल दिली ते कळतं. काटा खरं बोलतोय ना, हे बघायला दर सोमवारी पेटीवर माहीत असलेलं वजन ठेवायचं. कडेच्या कपाटात किती वजन वाढलं त्याचा आकडा दिसतो, तो जुळला नाही, तर तिथलाच स्क्रू फिरवून जुळवायचा. लोखंडी वजनं नाहीत, म्हणून ते काम सध्या बाबा करतात. म्हणजे स्वतःच पेटीवर उभे राहतात.

हसू नकोस. निवृत्त होऊन माझ्याकडे क्वार्टरमध्ये राहायला आले तरी त्यांचा सोमवार सुटलेला नाही. लोखंड होतं तेव्हाही आधी स्वतः चढून बघायचे. त्यांचं वजन बहात्तर, आपल्याला कळायला लागलं तेव्हापासून बहात्तर. लाकडाच्या वखारीच्या काट्यावर मधूनमधून खात्री करून घ्यायचे. वखार बंद झाली तेव्हा जवळचं कुणी गेल्यासारखे हळहळले होते. आई दुसऱ्यांदा वाढायला आली की ताटावर हात आडवा धरायचे आणि ती वाढण्याचा चमचा परत भांड्यात टाकत म्हणायची, "राहू दे बाई, ह्यांची पेटी चुकायची." मीही आजवर त्यांच्यावरच विसंबून आहे. पण नियम म्हणजे नियम, लोखंड हवं.

फोन करत नाही, कारण फोन बाबांच्या खुर्चीशेजारी आहे, आणि फोनवर आपण दुसऱ्या वाक्याला भांडतो. पत्रात निदान तुला मध्ये बोलता येत नाही.

बाबा ठणठणीत आहेत. तू विचारलं नाहीस, पण पत्रात लिहायची पद्धत आहे.

ताई


२० फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. "शोधतो" हा एक शब्द लिहायला तू अख्खं कार्ड खर्ची घातलंस. मोठा साहेब होणार तू.

तुझा मनोरा व्यवस्थित आहे. दर पंधरवड्याला मी कमरेला पट्टा बांधून वर चढते आणि सेन्सरवरची धूळ व कोळ्यांची जाळी पुसते. हवा वर जाताना किती ऊब आणि किती ओल घेऊन गेली, खाली येताना किती घेऊन आली, हे तो सेकंदाला दहादा मोजतो आणि कधी कुरकुर करत नाही. या बाबतीत तो आपल्या घरातला नव्हे.

आता न आवडणारा विषय. या हंगामात पेटी आणि मनोरा यांची शेवटची तुलना चाललीय. एप्रिलअखेर मी दोन्हींचे आकडे पाठवले की पेटी ठेवायची की बुजवायची ते तुमच्याकडे ठरणार. "बुजवण्यास हरकत नाही" या टिपणावर चार वर्षांपूर्वी तुझी सही होती. ती प्रत माझ्या टेबलावर पडलेली बाबांनी पाहिली, आणि तू सुट्टीला आलास तेव्हा जे व्हायचं ते झालं. मी दारातच उभी होते, त्यामुळे शब्दन् शब्द आठवतो. तू म्हणालास, "बाबा, तुमची पेटी दोन मीटरचं सांगते. मनोरा अख्ख्या माळाचं सांगतो." ते म्हणाले, "अख्ख्या माळाचं सांगतो आणि त्यातलं अठरा टक्के खातो." मग तू बॅग उचललीस. बापलेकांचं शेवटचं बोलणं बाष्पीभवनावर झालेलं घर आपलंच असेल.

अठरा टक्क्यांची गोष्ट खोटी नाही, हे तुलाही माहीत आहे. सूर्याकडून माळाला शंभर मिळाले, तर तापलेली हवा, उडालेली ओल आणि जमिनीत मुरलेली ऊब यांची बेरीज मनोऱ्याच्या हिशेबात ब्याऐंशीच भरते. सगळीकडच्या मनोऱ्यांना थोडीफार ही खोड आहे, आणि उरलेले कुठं जातात यावर तुमच्या परिषदा भरतात. आमची पेटी पहिल्यापासून मनोऱ्यापेक्षा जास्त ओल दाखवत आली. दोघांतलं अंतर वर्षानुवर्षं तेवढंच असायचं. यंदा नोव्हेंबरपासून ते वाढत चाललंय. बाबा जाम खूश आहेत. संध्याकाळी मी आकडे घेऊन घरी आले की चहाचा कप बाजूला सारून विचारतात, "काय म्हणतो खांबवाल्याचा खांब?" खांबवाला म्हणजे तू. नाव ते घेत नाहीत, पण विषय रोज निघतो.

बाकी घरचं ठीक. परवा बाबांनी कमरेच्या पट्ट्याला नवं भोक पाडलं. चामडं ताणलं जातं म्हणाले. मी खिळा आणि हातोडी आणून दिली.

वजनांचं बघ.

ताई


११ मार्च

प्रिय धाकट्या,

"डेटा पाठव." दोन शब्द झाले, म्हणजे प्रगती आहे. बाबांनीही एवढंच लिहिलं असतं, हे तुला आवडणार नाही.

डेटा सोबत आहे. तो उघडशील तेव्हा खुर्चीत नीट बस. मनोऱ्याच्या ओलीच्या जागी पेटीची ओल धरून मी फेब्रुवारीची बेरीज केली, तर एकशे दोन येते. शंभर मिळाले आणि माळानं एकशे दोन वाटले. आपला माळ दिलदार आहे, तळ्याच्या ओलीनं उन्हातही हिरवा असतो, पेटीलाही तेवढीच ओल खालून मिळते, सगळं मान्य. पण सूर्यापेक्षा जास्त देण्याइतका तो दिलदार नाही. मी बाबांना बेरीज दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "सूर्याचं मीटर तपास. काचेवर घाण असेल." मी काच पुसून आले. बेरीज तेवढीच राहिली.

काल सोमवारी दुपारी अवेळी एक सर आली. अर्ध्या तासात थांबली, नोव्हेंबरनंतरचा हा पहिलाच पाऊस. पाऊसमापकात आठ मिलिमीटर भरले. पेटीनं नऊच्या पुढं सांगितले. दोघांत अंतर किती, तर एकापाशी उभं राहून दुसऱ्यापाशी हातानं दगड ठेवता येईल एवढं. पेटीनं आकाशातून पडला त्यापेक्षा जास्त पाऊस मोजला. म्हणजे दोष गवतात नाही, सूर्याच्या मीटरात नाही, तुझ्या मनोऱ्यातही नाही. काटाच सगळं फुगवून सांगतोय. चढलेलंही फुगवतो आणि उतरलेलंही.

आणि तरी त्याच सकाळी बाबा पेटीवर उभे राहिले होते आणि आकडा बरोब्बर बहात्तर होता. मी शेजारी उभी राहून पाहिला.

मला एक शंका आहे. ती कागदावर उतरवायची तर आधी वजनं हवीत, म्हणून उतरवत नाही. भांडारपालाची कॉलर धर, त्याच्या वरच्याची धर, पण वजनं पाठव. आता हे मी नियमासाठी म्हणत नाहीये.

बाबा हल्ली कमी जेवतात. उन्हाळा लागला की होतं असं, असं ते म्हणतात. क्वार्टर आणि पेटी यांच्या मध्ये मी एक बाक नेऊन ठेवलंय, जाताना त्यावर जरा टेकतात. बाक तिथं कशाला, असं त्यांनी विचारलं. रंग द्यायला काढलंय म्हणून सांगितलं.

ताई


२ एप्रिल

प्रिय धाकट्या,

वजनं आली. कार्यालयाच्या गाडीतून, गोणपाटात गुंडाळून, वर तुझ्या अक्षरात "तळघर, जिन्याखाली" एवढी चिठ्ठी. म्हणजे तू स्वतः उतरलास. गाडीत तूही असशील असं मला उगाचच वाटलं होतं, म्हणून मी फाटकापर्यंत गेले होते. ड्रायव्हर म्हणाला, "साहेबांनी सांगितलंय, जपून न्या." मी त्याला चहा पाजून परत पाठवलं.

मला खरं तर बाबा झोपलेले असताना एकटीनंच तपासायचं होतं. पण गोणपाट उलगडताना त्यांनी पाहिलं आणि सोमवारपर्यंत थांबायचं फर्मान काढलं. "सोमवारचं काम सोमवारी." तेव्हा सोमवारी आम्ही दोघं माळावर गेलो. बाकाला अजून रंग लागलेला नाही, हे त्यांनी बोलून दाखवलं, आणि बसले.

आधी ते उभे राहिले. बहात्तर. कपाटाकडे बोट दाखवून माझ्याकडे पाहिलं, झालं समाधान, या अर्थानं. मग ते उतरले आणि मी तिन्ही वजनं एकेक करून गवतावर मांडली. साठ किलो. आकडा सत्तरावर जाऊन थांबला. सत्तर पूर्णांक दोन.

"लोखंड गंजलंय," बाबा म्हणाले. "गंजानं वजन वाढतं."

"दहा किलो?"

"मग तुझ्या भावाच्या ऑफिसात कुणीतरी बदललंय."

"बाबा, वर शिक्का आहे. तपासणीचा."

 त्यांनी वाकून शिक्का पाहिला, अंगठ्यानं घासून पाहिला. मग म्हणाले, "परत घे. उलट्या क्रमानं." मी वजनं एकेक काढली, दर वेळी आकडा वाचला, परत चढवली. प्रत्येक वेळी तोच हिशेब. वीसचे तेवीस पूर्णांक चार, चाळीसचे जवळजवळ सत्तेचाळीस. मला धाप लागली होती. ते कपाटाला टेकून उभे होते आणि ओठ हलत होते. ते तोंडी गुणाकार-भागाकार करतात तेव्हा ओठ हलतात, तुला माहीत आहे.

आता तुलाही कळलंच असेल. त्यांचं वजन उतरत होतं आणि काटा दर सोमवारी ते प्रामाणिकपणे सांगत होता. एकाहत्तर दिसले की ते म्हणायचे, काटा सरकला, आणि स्क्रू फिरवून परत बहात्तर करायचे. पुढच्या सोमवारी परत तेच. गेले चार महिने ते पेटीला स्वतःच्या मापानं वाढवत होते, आणि पेटी माळाची ओलही त्याच मापानं वाढवून सांगत होती. तीस वर्षं जे वजन हललं नाही ते हलेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. खरं सांगायचं तर एकशे दोनची बेरीज येईपर्यंत माझ्याही नाही. तुझ्या आलं असतं का?

"म्हणजे मी एकसष्ट," ते म्हणाले.

"साडेएकसष्ट."

"साडे धर."

त्यांनी कमरेकडे हात नेला, पट्ट्याचं नवं भोक बोटानं चाचपलं, आणि म्हणाले, "म्हणजे चामडं ठीक आहे."

मग स्क्रू त्यांनीच फिरवला. साठाला साठ दिसेपर्यंत. मला हात लावू दिला नाही. स्क्रू फिरवून झाल्यावर मी म्हटलं, आता एकदा उभे राहता का, बघू. म्हणाले, "काय बघायचंय, आकडा काढलाय ना आत्ताच," आणि बाकाच्या दिशेनं चालायला लागले. मी वजनं उचलायच्या निमित्तानं तिथंच थांबले. मला त्यांच्याबरोबर चालवेना.

ताई


१२ एप्रिल

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. तू विचारतोस, डॉक्टरांकडे नेलं का. सांगते, पण क्रमानं सांगते, कारण बाबांनी क्रम ठरवून दिला होता. आधी रेकॉर्ड, मग डॉक्टर.

"चार महिन्यांचे आकडे चुकीचे पाठवून मी दवाखान्यात पडून राहणार नाही," असं ते म्हणाले. मी म्हटलं, आकडे मी सुधारीन. ते म्हणाले, "कसे? सरसकट सतरा टक्के कापलेस की झालं? नोव्हेंबरात चूक सतरा टक्के नव्हती. दर आठवड्याला वेगळी आहे. मी किती उतरलो ते आठवड्यागणिक कळलं पाहिजे." आणि ते कळायला घरात काटा नव्हता, वखार नव्हती. माळावर एकच गोष्ट अशी होती जी चार महिने न चुकता तेच मोजत होती आणि जिला त्यांनी हात लावला नव्हता. त्यांना हे माझ्याआधी कळलं होतं. फक्त तोंडातून निघायला जेवण उरकावं लागलं. ताट बाजूला सारून म्हणाले, "खांबाचे आकडे काढ."

चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तुझे आकडे हातात धरले. आम्ही दुपारी जेवणाच्या टेबलावर बसायचो. मी पेटी आणि मनोरा यांचं गुणोत्तर आठवड्या-आठवड्याचं काढायची आणि ते त्यावरून त्या आठवड्याचं स्वतःचं वजन काढून आलेखाच्या कागदावर ठिपका ठेवायचे. खांबाची जुनी खोड कायम तेवढीच असते, म्हणून गुणोत्तरात जे वाढलं ते सगळं बाबांचं. ठिपके जोडल्यावर रेघ आली. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत सपाट, मग उतार, फेब्रुवारीत जरा जास्त उतार. त्यांनी ती अशी पाहिली, जणू ती दुसऱ्या कुठल्या केंद्रावरून आलीये. म्हणाले, "रेघ स्वच्छ आहे. खांबाचे आकडे विखुरत नाहीत फारसे." एवढंच. पण हे तुझं कौतुक आहे, हे मी तुला फोड करून सांगते.

आकडे सुधारून झाले. खऱ्या ओलीनं बेरीज ब्याण्णव भरते. मनोऱ्याच्या हरवलेल्या अठरांतले दहा पेटीनं शोधून दिले. बाबांनी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले, "राहिलेले आठ त्याला शोधायला सांग."

मग दवाखाना. तरुण डॉक्टर होता, त्यानं विचारलं, "आजोबा, वजन कधीपासून उतरतंय?" बाबांनी खिशातून घडी काढून टेबलावर उलगडली. "नोव्हेंबरच्या मध्यापासून. त्याआधी स्थिर. फेब्रुवारीत वेग वाढलाय." डॉक्टर कागदाकडे बघत राहिला. म्हणाला, इतकं नीट रेकॉर्ड ठेवणारा पेशंट मी पाहिला नाही. बाबा म्हणाले, "मुलाची मदत झाली."

हे वाक्य मी दोनदा वाचून पाहिलं आणि तसंच ठेवलं. ते असंच म्हणाले. खांबवाला नाही म्हणाले.

तपासण्या झाल्या. जठरात गाठ आहे आणि ती तिथंच थांबलेली नाही. डॉक्टर मला बाहेर घेऊन गेला, खिडकीपाशी, आणि हातातलं पेन उघडत-मिटत बोलला. कापून उपयोग नाही, त्रास कमी करता येईल, फार वेळ आहे असं समजू नका. मी विचारलं, चालता-फिरता किती दिवस राहतील. तो म्हणाला, ते सांगणं कठीण, पण जे करायचं असेल ते लांबवू नका. आत आले तर बाबा डॉक्टरच्या वजनकाट्यावर उभे होते, नर्सला विचारत होते, हा शेवटचा कधी तपासला. आकडा साठ होता.

त्यांना मी सगळं सांगितलं. ते विचारतील आणि मी खोटं बोलेन तर पकडतील, म्हणून. मान हलवली, आणि परतीच्या रस्त्यात पेटीच्या गवताची छाटणी राहिली आहे त्याबद्दल बोलले.

मला फार वाईट वाटतंय. हे सरळ लिहिते, कारण माझ्या अक्षरावरून ते दिसत नाही आणि तू ओळखणारा नाहीस. तू यावंस असं मला वाटतं. वजनांसाठी लिहिलेलं पहिलं पत्रसुद्धा निम्मं त्यासाठीच होतं. दुसरं कुठलं निमित्त सुचलं नाही.

ताई


१९ एप्रिल

प्रिय धाकट्या,

आजवरचं तुझं सगळ्यात लांब पत्र, आणि त्यात विचारायचं एकच. "मी आलेलं त्यांना चालेल का? मला बघून त्रासच होणार असेल तर नको." यावर मी माझ्या मनानं उत्तर दिलं असतं, पण तू विश्वास ठेवला नसतास. म्हणून त्यांनाच विचारलं, आणि जसं झालं तसं लिहिते.

ते बाकावर बसले होते. बाक आता क्वार्टरच्या दाराजवळ आणलंय, पेटीपर्यंतची चाल एका दमात होत नाही. मी आकडे वाचून परत येत होते. शेजारी बसले आणि म्हटलं, "धाकट्याचं पत्र आलंय."

"काय म्हणतो?"

"येऊ का विचारतोय."

त्यांनी माळाकडे पाहिलं. मनोऱ्यावरचा पंखा फिरत होता. मग म्हणाले, "त्याचं वजन किती असेल आता?"

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "कुणास ठाऊक. का?"

"सोमवारचं काम आहे ना. मला आता प्रमाण धरता येत नाही. दर आठवड्याला बदलतो मी. स्थिर वजनाचा माणूस पाहिजे."

"बाबा, लोखंडी वजनं आहेत की. त्यानंच पाठवलीत."

"लोखंड आपल्या पायानं चालत येतं का पेटीपर्यंत? तू एकटी किती उचलणार? कंबर धरून बसशील." आणि मग, मी काही बोलायच्या आत, "माणूस बरा. त्याला सांग, वजन करून ये म्हणावं. अंदाजे चालणार नाही."

मी म्हटलं, सांगते. त्यांनी विचारलं, "तिथून यायला गाडी कधी असते?" तेव्हा मी उठून आत गेले, चहा ठेवायला. चहाची वेळ झाली नव्हती.

तर हे तुझं उत्तर. याहून स्पष्ट बोलावणं आपल्या घरात मिळत नाही. मला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी फक्त उंची विचारली होती, मनोऱ्याची शिडी पुरेल का बघायला.

पुढच्या सोमवारी ये. निघायच्या आधी तुमच्या प्रयोगशाळेच्या चांगल्या काट्यावर वजन करून घे आणि चिठ्ठी आण, शिक्क्यासह. गाडीतून उतरलास की मागच्या वाटेनं ये. वारा सध्या तळ्याकडून आहे. त्या बाजूचं गवत तुडवलंस तर तुझ्याच मनोऱ्याचे आकडे बिघडतील आणि ते आधी त्यावरूनच बोलतील. त्यांना बघून चेहरा पाडू नकोस. सदरा त्यांना दोन माणसांचा झालाय, आणि आवाजही बारीक झालाय. मी रोज बघते, तरी मला सवय होत नाही.

मी त्यांची खुर्ची कपाटासमोर नेऊन ठेवीन, ते तिथंच असतील. ते तुला कसा आहेस असं विचारणार नाहीत. चिठ्ठी मागतील, वाचतील, खिशात ठेवतील. मग "चढ" म्हणतील. बूट काढ. किल्ल्या, फोन, पाकीट माझ्याकडे दे. पेटीच्या मधोमध उभा राहा आणि हात सरळ ठेव, लहानपणी ठेवायचास तसे. काही बोलायचं असेल तर उतरल्यावर बोल, पेटीवर असताना बोलायचं नाही, छाती हलली की आकडा हलतो, हे त्यांनीच आपल्याला शिकवलंय.

आकडा स्थिर व्हायला फार वेळ लागत नाही. बाबांना लागेल. ते चष्मा पुसतील, परत बघतील, मग कपाटाकडे न बघता तुझ्याकडे बघत राहतील. आकडा त्यांना कळलेला असेल, तरी सांगणार नाहीत. ते सांगेपर्यंत हलू नकोस.

ताई